दोन एक्केचाळीसचा भोंगा

१९९० साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कॉम्प्युटर आजारी पडला, की त्याला एकच रोग व्हायचा. अर्थिंग. पडद्यावर अक्षरं थरथरली, अर्थिंग. टेप अर्ध्यात थांबली, अर्थिंग. सर्व्हिसचा माणूस गिऱ्हाइकाकडे निघायचा तो पिशवीत स्क्रूड्रायव्हर, मीटर आणि दोन किलो जाडं मीठ घेऊनच. इमारतीच्या मागे अर्थिंगचा खड्डा असायचा. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीवर मीठ टाकायचं, दोन बादल्या पाणी ओतायचं आणि फॉर्मवर सही घ्यायची, 'दोष दूर केला'. आता ओल्या, खारट मातीत वीज चांगली मुरते हे खरं आहे. पण वागळे इस्टेटमधल्या लोकांनी या एका खऱ्या गोष्टीवर आपापल्या सगळ्या खोट्या गोष्टी रचून ठेवल्या होत्या.

मंजुळा नाखवा 'सुयंत्र डेटा सिस्टिम्स'मध्ये लागली त्याच आठवड्यात तिला हा उपचार शिकवण्यात आला. शिकवणाऱ्याने मिठाची पिशवी तिच्या हातात दिली आणि जपून धर म्हणाला. मंजुळा चेंदणी कोळीवाड्यातली. आजोबांची होडी, बापाची होडी, आई सगुणा डोंबिवलीत दारोदार मासळी विकणारी. मीठ कसं धरायचं हे तिला सांगणारा हा आयुष्यात पहिलाच माणूस. तिने पिशवी सांगितली तशी धरली, कारण सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. सरकारी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेली ती कोळीवाड्यातली पहिली मुलगी, आणि आळीतल्या निम्म्या लोकांची समजूत होती की ती टीव्ही दुरुस्त करते.

सुयंत्रमध्ये अकरा माणसं होती आणि त्यांचे मालक श्रीपाद कर्णिक. वर्तकनगरला राहायचे. त्यांना स्वतःच्या दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे ताजी मासळी नजरेनं ओळखता येते हा, आणि दुसरा त्यांनी १९८७ साली लिहिलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचा. पहिल्या अभिमानात तथ्य नव्हतं, हे सगुणाबाईंना ठाऊक होतं. दुसऱ्याची गोष्ट पुढे येईलच.

कंपनी मशीन स्वतः जोडायची. ऑपरेटिंग सिस्टीम परदेशातून परवाना घेऊन आणलेली, पण तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काही तुकडे इथेच लिहून घालायचे. या तुकड्यांना ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटर, टेप, घंटा असल्या खऱ्याखुऱ्या वस्तूंशी बोलायचं काम त्यांचं. प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर पडद्यावर आकडा चुकतो. ड्रायव्हरमध्ये झाली तर खोलीबाहेर काहीतरी घडतं.

कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला, कापडाला रंग देणारी एक फॅक्टरी होती. तिने सुयंत्रकडून हजेरीचं मशीन घेतलं. कामगाराने गेटवर कार्ड घालायचं, मशीन वेळ नोंदवणार, पाळी सुटली की हजेरीचा तक्ता छापणार, आणि पाळीचा भोंगाही मशीनच वाजवणार. भोंगा मशीनने वाजवावा ही कल्पना कर्णिकांची. मशीनच्या पोटात त्यासाठी आणखी एक सर्किटचं कार्ड न बसवता तो जोडायचा, हीही त्यांचीच.

म्हणजे असं. प्रिंटरच्या कार्डावर एक चिप होती. तिला कामाचे चोवीस पाय, तांत्रिक भाषेत पिना. यातला प्रत्येक पाय एकतर कान होऊ शकतो किंवा तोंड. एकतर बाहेरचं ऐकणार, नाहीतर बाहेर हुकूम देणार. कुठला गट कान आणि कुठला तोंड, हे ड्रायव्हरने चिपला सांगायचं असतं. प्रिंटरला सोळाच पाय लागायचे. आठ रिकामे होते.

"आठ पाय फुकट पडलेत," कर्णिक म्हणाले होते. "भोंगा लाव त्यातल्या एकाला. ह्याला म्हणतात इंजिनिअरिंग."

मंजुळाने भोंग्याचा ड्रायव्हर लिहिला. फॅक्टरीच्या इलेक्ट्रिशियनने वायरिंग असं केलं की पायावर वीज असेल तर भोंगा गप्प, वीज गेली की चालू. मशीन बंद पडलं तर निदान सगळ्यांना कळेल, हा त्यातला हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. मंजुळाने आणखी एक खबरदारी घेतली. दर मिनिटाच्या ठोक्याला तिचा ड्रायव्हर त्या पायाला पुन्हा बजावायचा, गप्प म्हणजे गप्प, वाज म्हणजे वाज. तपासणी यादीप्रमाणे आधी प्रिंटर चालवून पाहिला, मग भोंगा. दोन्ही पास. दोन्ही एकाच वेळी चालवून पाहायचा रकाना यादीत नव्हता. यादीही कर्णिकांचीच.

या भोंग्याचा आधीचा मालक मारुती. गेटवरचा टाइमकीपर. बावीस वर्षं त्याने मनगटावरच्या घड्याळात बघून भोंग्याची दांडी खेचली होती. मशीन आल्यावर दांडी तशीच राहिली, अडीअडचणीला म्हणून, आणि मारुतीचं काम उरलं भोंगा वेळेवर वाजला की नाही ते डायरीत लिहिण्याचं.

बारा फेब्रुवारीला भोंगा दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी वाजला. पाळी तीनला सुटायची. पण भोंगा वाजल्यावर घड्याळ बघणारा कामगार अजून जन्मायचा आहे. चारशे माणसं डबे उचलून गेटबाहेर. रंगाच्या हौदात फिक्या गुलाबी रंगाचं कापड उकळत होतं, ते कुणी काढलंच नाही. दुसरी पाळी आली तेव्हा त्याचं वांगं झालं होतं. दोन मार्चला तसंच, दोन वाजून सहा मिनिटांनी. वीस मार्चला तिसऱ्यांदा, दोन एक्केचाळीसला. वांगी रंगाचं एकूण सात हजार मीटर कापड कल्याणच्या बाजारात परकराच्या भावाने गेलं, आणि त्या उन्हाळ्यात शिवाजी चौकापासून पारनाक्यापर्यंत बायकांच्या साडीखालून एकच रंग डोकावत होता.

पहिल्या दोन वेळी कर्णिकांनी मीठ पाठवलं. तिसऱ्या वेळी फॅक्टरीच्या मॅनेजरने मीठ परत पाठवलं आणि माणूस मागितला. शिक्षा करता येईल असा. तो शोधायचं काम पर्सोनेल ऑफिसरचं, आणि पर्सोनेल ऑफिसर म्हणजे भाऊ आगाशे. आगाशांना शोधाशोध करावी लागली नाही. दांडीपासून चार फुटांवर बसणारा मारुती होताच की. एकवीस मार्चला त्याला घरी बसवलं. आरोप असा, की आपलं काम मशीनने हिरावून घेतलं या आकसापोटी त्याने दांडी खेचून मशीनला बदनाम केलं. चौकशी दहा एप्रिलला. आरोप ठेवणारे आगाशे, चौकशी करणारेही आगाशेच, कारण कायद्यातलं कळणारं दुसरं कोणी कंपनीत नव्हतं. आरोप शाबीत झाला की बडतर्फ. वय एक्कावन्न, हाताला दुसरं काम नाही. दांडी खेचणाऱ्याला बाहेर कोण विचारतो?

मंजुळा त्याच दिवशी सकाळी भोंग्याचं वायरिंग तपासायला फॅक्टरीत गेली होती, तेव्हा मारुती गेटवर आपलं सामान पिशवीत भरत होता. चष्म्याची डबी, एक कप, भिंतीवरचं कॅलेंडर.

"काका, तुमची डायरी बघू?"

"बघा. तीच पुरावा आहे म्हणे." त्याने पान काढून दिलं. "मीच लिवलंय, दोन एक्केचाळीस, भोंगा आपोआप वाजला. आगाशे साहेब म्हणाले, आपोआप म्हणजे काय? स्टँडिंग ऑर्डरमध्ये आपोआप असा शब्दच नाही."

"तुम्ही दांडीला हात लावला होता का?"

मारुतीने तिच्याकडे पाहिलं. "बाई, मी बावीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडं केलं नाही. मला जर मशीनचं वाईट करायचं असतं ना, तर मी भोंगा उशिरा वाजवला असता. लवकर वाजला तर कामगार मला पेढे देतील, मशीनला शिव्या कशाला देतील?"

आगाशांना हे कुणी विचारलं नव्हतं. मंजुळाने तिन्ही वेळा एका कागदावर उतरवून घेतल्या आणि ठाण्याला परतताना सारा रस्ता स्वतःचाच ड्रायव्हर मनात वाचत राहिली. चूक आपली असणार, हे तिने गृहीत धरलं होतं. तंत्रनिकेतनात तिला तसंच शिकवलं होतं. ही सवय मालक होईपर्यंत टिकते.

तो बुधवार होता. मासळीचा वार. संध्याकाळी सगुणा डोंबिवलीहून आली ती टोपली दारात आपटूनच.

"मंजू, गो मंजू! इकडं ये, यो कागद वाच. इंग्रजीत लिवलाय मेल्यांनी."

"कसला कागद?"

"त्या चैतन्य सदनच्या बोर्डावर लावलाय. वॉचमन बोलला, मावशी, तुमच्यावरच हाय तो. मी बोलले, माझ्यावर हाय तर कागद माझा. काढला नि आणला."

मंजुळाने कागद उलगडला. लांबरुंद, दोन्ही कडांना भोकं, फिक्या हिरव्या पट्ट्यांचा. सगळी अक्षरं कॅपिटल. मजकूर असा, की सर्व सभासदांस कळवण्यात येते, मासळी विक्रेत्या स्त्रिया जिन्यात बसून दुर्गंधी पसरवत असल्याने त्यांना इमारतीत प्रवेश बंद करण्यात येत आहे. आदेशावरून, भा. वि. आगाशे, मानद सचिव.

"काय लिवलंय?"

"तुला जिन्यात बसायला बंदी केलीये."

"यो आगाशे? दुसऱ्या माळ्यावरचा? त्याची बायको दर शुक्रवारी मागच्या दारानं करंदी घेते गो! बोलते, ह्यांना सांगू नको." सगुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सांगू का आता सगळ्या इमारतीला?"

पण मंजुळा ऐकत नव्हती. ती कागदाच्या अगदी वरची बारीक ओळ वाचत होती, जी नोटीस वाचणारा कोणीही माणूस वाचत नाही. सुयंत्रच्या मशीनवर काहीही छापलं, तरी प्रत्येक पानाच्या डोक्यावर मशीन स्वतःहून तारीख, वेळ आणि फाइलचं नाव टाकतं. तिथे होतं, मार्च २०, १४:४१, नोटीस-३, पान १.

चौदा एक्केचाळीस म्हणजे दुपारचे दोन एक्केचाळीस.

"आई," मंजुळा म्हणाली, "नोटीस तीन आहे ही. एक आणि दोन असतील का गं बोर्डावर?"

"असतील तर शुक्रवारी आणते. टाचण्याच काढायच्या ना."

दुसऱ्या दिवशी मंजुळाने ऑफिसात कर्णिकांचा प्रिंटरचा ड्रायव्हर पहिल्यांदा वाचायला घेतला. वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव, साल, आणि 'यात बदल करू नये'. सातव्या ओळीवरच ती थांबली. कुणीही प्रिंटर उघडला, म्हणजे छापायला काही पाठवलं, की ड्रायव्हर चिपला पहिल्यापासून पढवत होता, हे पाय कान, ते पाय तोंड. हे एकदाच, मशीन सुरू होताना सांगायचं असतं. कारण त्या चिपचा स्वभाव असा, की तिला पुन्हा पढवलं की ती आधीचं सारं विसरते आणि सगळी तोंडं शून्यावर टाकते. प्रिंटरला त्याचं काही वाटत नाही, त्याला लगेच पुढचा हुकूम मिळतो. पण शेजारच्या पायावर भोंगा होता. शून्य म्हणजे वीज गेली. वीज गेली म्हणजे वाज. पुढच्या मिनिटाच्या ठोक्याला मंजुळाचा ड्रायव्हर येऊन त्याला गप्प करायचा, तोवर भोंगा जवळजवळ मिनिटभर कोकलून घ्यायचा. पाळीचा भोंगाही मिनिटभराचाच. म्हणून तो कुणाला खोटा वाटला नाही. तिने घेतलेली खबरदारीच खोट्या भोंग्याला खऱ्याचं रूप देत होती.

आणि आजवर कळलं का नाही? फॅक्टरीत प्रिंटरचं काम फक्त पाळी सुटतानाच निघायचं, म्हणजे भोंगा वाजतच असताना. मधल्या वेळेत छापण्यासारखं सरकारी, निमसरकारी, खाजगी असं काहीच तिथे नव्हतं. होतं ते चैतन्य सदनचं.

आगाशांच्या लक्षात आलं नसेल का? प्रिंटर त्यांच्याच खोलीत. पण सोसायटीचं काम कंपनीच्या कागदावर करणारा माणूस कान टवकारून बसतो तो साहेबाच्या पावलांसाठी. भोंग्याच्या आवाजात प्रिंटरची करकर बुडून जाते, एवढंच त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि ते त्यांना सोयीचंच वाटलं असावं.

मंजुळाने ऑफिसातल्या मशीनच्या त्या पायाला टॉर्चचा छोटा बल्ब जोडला, उलट वायरिंग करून, आणि एक कोरा कागद छापला. बल्ब पेटला. मिनिटाच्या ठोक्याला विझला. तिने कर्णिकांना बोलावलं आणि पुन्हा छापला.

कर्णिक बल्बकडे बघत राहिले. "सत्त्याऐंशीपासून चालतोय माझा ड्रायव्हर. एक तक्रार नाही."

"सर, सत्त्याऐंशीत त्या चिपवर भोंगा नव्हता."

"मग दोष भोंग्याचा."

"सर, चिपला पुन्हा पुन्हा पढवायची गरजच नाही. ती ओळ वरून काढून मशीन सुरू होण्याच्या भागात टाकली की झालं. तीन ओळींचं काम आहे."

"तीन ओळींचंच ना? मग झालं तर." कर्णिकांचा चेहरा एकदम खुलला. "तू नवा कर्नल बांध, टेपवर घे. उद्या जा, नेहमीचं मेंटेनन्स म्हणून सांग, टाकून ये. आणि जाताना थोडं मीठ ने. म्हणजे शंका नको."

"आणि मारुती?"

"कोण मारुती?"

"टाइमकीपर. ज्याला घरी बसवलंय."

"अगं, तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे."

"सर, कालपासून तो घरी आहे आणि भोंगा अवेळी वाजलेला नाही, कारण आगाशांनी काही छापलेलं नाही. चौकशीचे कागद ते टाइपरायटरवर करतायत, तीन कार्बन लावून, काल मी पाहिलं. आता मी गुपचूप दुरुस्त केलं तर भोंगा परत कधीच अवेळी वाजणार नाही. मारुती गेला आणि भोंगा थांबला. मग वाजवणारा तोच, हे आपणच सिद्ध करून दिलं की!"

हे कर्णिकांना समजलं. माणूस मूर्ख नव्हता. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोन वेळा फिरवला. "नाखवा, तुझं कन्फर्मेशन एक मेला आहे ना?"

"हो सर."

"चौकशीला आपला साक्षीदार मागितलाय त्यांनी. तूच जा. काय बोलायचं ते मी लेटरहेडवर लिहून देतो. मशीन निर्दोष आहे, एवढंच. मग टेप टाक." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि आईला विचार, रविवारी हलवा मिळेल का? मागचा जरा शिळा होता."

मागचा हलवा कर्णिकांनी स्वतः नजरेनं निवडला होता.

शुक्रवारी सगुणाने उरलेल्या दोन नोटिसा आणल्या. एकीत गच्चीवर पाणी सांडू नये असं होतं, दुसरीत सार्वजनिक नळावर खाजगी बादल्या धुऊ नयेत. डोक्यावर बारा फेब्रुवारी, चौदा वीस. दोन मार्च, चौदा सहा. मंजुळाने त्या तिच्या कागदाशेजारी ठेवल्या. मारुतीच्या घड्याळात आणि मशीनच्या घड्याळात तिन्ही वेळा एका मिनिटाचाही फरक नव्हता. बावीस वर्षांचा अभिमान फुकटचा नव्हता म्हणायचा.

"ह्यानं तो मानूस सुटेल?" सगुणाने विचारलं.

"कागदावर सुटणार नाही. आगाशे म्हणतील योगायोग. समोर करून दाखवावं लागेल."

"मग दाखव की."

"नोकरी जाईल कदाचित."

सगुणा टोपली धूत होती. ती धूतच राहिली. मग म्हणाली, "मना नाय कळत तुझ्या मशीनचं. पण त्याची गेली तर ती पण नोकरीच ना गो?"

दहा एप्रिलला आगाशांच्या खोलीत चौकशी बसली. मॅनेजर खिडकीपाशी घड्याळ बघत बसले होते, कारण हौदात लिंबू रंगाचं कापड होतं आणि त्यांचा जीव त्यात होता. मारुती स्वच्छ शर्ट घालून आलेला. आगाशांनी गळ्यातला टाय सारखा केला आणि तासभर वाचन केलं. त्यात आकस हा शब्द अकरा वेळा आला. दोन वाजून गेल्यावर मंजुळाचा नंबर लागला.

"मिस नाखवा, आपलं मशीन आपोआप भोंगा वाजवू शकतं का? हो की नाही, एवढंच सांगा."

मंजुळाच्या पर्समध्ये लेटरहेड होतं. "साहेब, माझं स्टेटमेंट मी छापूनच देते. सही करून. तोंडी कशाला?"

आगाशांना कागद आवडायचे. त्यांनी टर्मिनलकडे हात केला. मंजुळा बसली. नोटीस-३ ही फाइल मशीनमध्ये अजून होती. बोर्डावरची नोटीस कुणी चोरलीच तर पुन्हा छापता यावी म्हणून आगाशांनी ती जपून ठेवली असणार. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मिनिट नुकतंच लागलं होतं. आणि तिने हुकूम दिला.

प्रिंटरने करकर सुरू केली आणि त्याच क्षणी भोंगा वाजला.

खोलीतली सगळी माणसं मारुतीकडे वळली. ती सवयच लागली होती. मारुती खुर्चीत ताठ बसलेला. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, पंजे उघडे, बोटं पसरलेली, आणि भोंगा बंद होईपर्यंत त्याने ते उचलले नाहीत. बंद झाल्यावरही नाहीत.

खिडकीबाहेर चारशे माणसं डबे घेऊन गेटकडे निघाली होती.

"अरे रोको! रोको उनको!" मॅनेजर उठून दाराकडे धावले, परत आले, पुन्हा धावले. शेवटी ते प्रिंटरपाशी थांबले, कारण मंजुळाने कागद फाडून त्यांच्या हातात दिला होता.

"ये क्या है?" त्यांनी वाचलं. "फिश सेलिंग वुमेन... स्टेअरकेस... आगाशे, ये अपनी फॅक्टरीमें जिना किधर है?"

"सर, ते... सोसायटीचं आहे. सार्वजनिक काम." आगाशांच्या टायची गाठ पुन्हा वाकडी झाली होती.

मंजुळाने तिन्ही जुन्या नोटिसा मारुतीच्या डायरीशेजारी मांडल्या आणि डोक्यावरच्या ओळींवर बोट ठेवलं. "जेव्हा कुणी मधल्या वेळेत छापतं तेव्हा वाजतो. चूक आमच्या ड्रायव्हरची आहे. दुरुस्ती माझ्याकडे या टेपवर आहे, अर्ध्या तासात टाकते. मारुतीकाकांचा हात कधीच लागलेला नाही."

"हा योगायोगही..." आगाशे म्हणाले.

"अजून एकदा छापू?" मंजुळाने विचारलं.

"नको!" मॅनेजर ओरडले. लिंबू रंगाचं तोवर शेवाळ होत आलं होतं.

मंजुळाने टेप टाकली, कर्नल बदलला, मशीन पुन्हा सुरू केलं आणि दहा वेळा छापून पाहिलं. भोंगा गप्प. कर्णिकांच्या 'बदल करू नये' या ओळीखाली तिने एक ओळ लिहिली होती, की चिपला पिना एकदाच, सुरुवातीला सांगाव्यात, शेजारी दुसऱ्याचं काम चालू असतं. ती ओळ वाचणारं कोणी नव्हतं, तरी लिहिली.

मारुती कामावर परत आला. पण माणूस निर्दोष ठरला की कुणाची तरी चूक ठरते, आणि इथे दोन साहेब शिल्लक होते. दोघांनी फोनवर बोलून अहवाल ठरवला. त्यात प्रिंटर नव्हता, नोटीस नव्हती, ड्रायव्हर नव्हता. 'अर्थिंगमधील दोषामुळे भोंगा अवेळी वाजत होता असे निष्पन्न झाले. दोष दूर केला.' खाली कर्णिक आणि आगाशे यांच्या सह्या. मारुतीला सहानुभूतीपूर्वक विचार करून कामावर घेण्यात आलं, आणि घरी बसवलेले वीस दिवस त्याच्याच हक्काच्या रजेतून वळते करण्यात आले. मंजुळाचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. कारण, गिऱ्हाइकाच्या जागेत पूर्वपरवानगीशिवाय प्रयोग. चैतन्य सदनच्या नोटिसा आता हाताने लिहिल्या जाऊ लागल्या आणि सगुणा जिन्यात बसतच राहिली, कारण आगाशांच्या बायकोने सभासदांच्या बैठकीत बंदीला विरोध केला. स्वच्छतेच्या दृष्टीने, असं म्हणाली.

ऑगस्टमध्ये, एकदाची पर्मनंट झाल्यावर, मंजुळा फॅक्टरीत वार्षिक तपासणीला गेली. तीनच्या सुमारास गेटमागे मारुती दिसला. एका हातात बादली, दुसऱ्यात मिठाची पिशवी.

"काका, हे काय?"

"अर्थिंगला घालतो. दर शनिवारी. आगाशे साहेबांची लेखी ऑर्डर आहे, माझ्याच नावावर." त्याने खड्ड्यात मीठ सोडलं. माती पांढरी पडली होती आणि आसपासचं गवतसुद्धा मेलं होतं.

"अहो, पण अर्थिंगमध्ये काही नव्हतंच. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिथे होतात."

"मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे." मारुतीने घड्याळात पाहिलं, तीनला वीस सेकंद कमी, आणि बादली उचलली. "पण ऑर्डर आहे ना. उद्या तुमच्या मशीनला काही झालं, तर ते काय म्हणतील? मारुतीने मीठ घातलं नाही."

त्याने पाणी ओतलं. मागे भोंगा वाजला, अगदी वेळेवर, आणि मारुतीने बादली खाली ठेवून खिशातून डायरी काढली.